अपत्य : एक

हे मी आजवर कुणाजवळच बोललेलं नाही. आईजवळ नाही, नवऱ्याजवळ नाही. एकदा मैत्रिणीला सांगायला बसले आणि चहा संपेपर्यंत भलतंच काहीतरी सांगत राहिले. मग तुम्हालाच का सांगतेय? ते विचारू नका — मलाच कळत नाही.

मी अमरावतीत सॉफ्टवेअरचं काम करते. तेव्हा कॉलेज संपवून नुकतीच नोकरीला लागले होते. माझे मामा आमच्या समाजाच्या वधू-वर परिचय मेळाव्याचे आयोजक. असा मेळावा तुम्ही पाहिला असेल — मंगल कार्यालय, स्टेज, मुलं-मुली एकेक करून वर जातात, माइक हातात घेऊन नाव, गाव, शिक्षण सांगतात, आणि खाली आईवडील कान टवकारून बसलेले. त्या वर्षी मामांच्या डोक्यात आलं, की स्टेजवरच्या माणसाची माहिती मागच्या मोठ्या पडद्यावरही दिसावी. काम अर्थात भाचीकडे. भाची इंजिनीअर ना!

माहिती सगळ्यांनी मोबाइलवरून भरली होती. माझ्याकडे ती एका फाइलमध्ये आली — दोन उत्तरांच्या मध्ये स्वल्पविराम, आणि प्रत्येक उत्तराला दोन्ही बाजूंनी अवतरणचिन्हं. पडद्यावर टाकून पाहिलं तर ती चिन्हंही दिसायला लागली. मामा म्हणाले, "काय वं, हे नावाच्या दोन्ही बाजूनं काय चिकटून राहिलं? काढ ते." मी एका ओळीचा कोड लिहिला आणि फाइलमधली सगळी अवतरणचिन्हं एका झटक्यात उडवली. पडदा कसा स्वच्छ दिसायला लागला! मामांनी पाठ थोपटली.

आता — ती चिन्हं काही शोभेसाठी नव्हती. ती कुंपणं होती. कुणी आपल्या उत्तरातच स्वल्पविराम दिला, तर त्या कुंपणामुळे कम्प्युटरला कळतं की हा आतला आहे, इथं तोडायचं नाही. मी आधी कुंपणं काढली आणि मग दिसेल त्या स्वल्पविरामावर तोडत सुटले. हे मला माहीत नव्हतं का? होतं की. परीक्षेत लिहिलंही होतं. मग? — वरच्या चार-पाच जणांची माहिती बघितली, बरोबर दिसली, लॅपटॉप मिटला.

गावाच्या रकान्यात बाकी सगळ्यांनी एकेकच गाव लिहिलं होतं. पल्लवी नावाच्या एका मुलीनं लिहिलं होतं — भातकुली, सध्या अमरावती.

ती स्टेजवर आली तेव्हा मी खाली कोपऱ्यात लॅपटॉपपाशी होते. बटण दाबलं. पडद्यावर आलं, गाव — भातकुली. त्याखाली, भावंडं — सध्या अमरावती. त्याखाली, अपत्य — एक. अपत्याचा रकाना दुसऱ्या लग्नासाठी आलेल्यांकरता होता. पल्लवीचं तर पहिलंच लग्न ठरायचं होतं. तिला भाऊ एक, आणि तो 'एक' खालच्या रकान्यात घसरला होता. भावंडांची ती वेड्यासारखी ओळ हॉलमध्ये कुणी वाचलीच नाही. मी वाचली. त्याच क्षणी मला सगळं कळलं.

मागून कुणीतरी हसलं. मग आणखी कुणी. पडदा पल्लवीच्या पाठीमागे होता, तिला काय ठाऊक? तिला वाटलं आपलंच बोलणं चुकतंय, म्हणून ती बिचारी आणखी हळू, आणखी नीट बोलायला लागली. अकोटचं एक कुटुंब खास तिच्यासाठी आलं होतं. जवळपास जमल्यातच जमा होतं, दुपारी बैठक व्हायची होती. मी पडदा बंद करू शकत होते. बोट बटणावरच होतं. का नाही दाबलं? भीती वाटली? — कुणाची, मामांची? ते फार तर ओरडले असते. की सकाळपासून होणारं कौतुक सोडवेना? की मी तिच्याच वयाची, माझंही लग्न ठरायचं होतं, म्हणून मनात काही... नाही, तसं नसावं. असेलही. कितीदा विचार केला, उत्तर दर वेळी वेगळं येतं आणि एकही खरं वाटत नाही.

मग मामा आले, तिचे वडील आले, अकोटची मंडळी आली. मामांनी सगळ्यांसमोर विचारलं, "हे असं काहून दाखवून राहिलं?" आणि मी म्हणाले, "जे भरून आलं, तेच दिसतं."

खोटं. धडधडीत खोटं बोलले मी.

माहिती पल्लवीनं स्वतः भरली होती, हट्टानं, चुलतभावाला हात लावू दिला नव्हता. तिच्या वडिलांनी तिच्याकडे पाहिलं. "तुले म्हटलं होतं ना, दादाले भरू दे," एवढंच बोलले ते. अकोटची मंडळी बैठकीला थांबली नाहीत. तिला मूलबाळ नाही हे त्यांना पटलंही असेल. पण जिचं हॉलभर हसं झालं ती मुलगी नको, असं नंतर मामांच्या कानावर आलं.

आता ऑफिसात नव्या मुलांना मीच शिकवते — चिन्हं आंधळेपणानं उडवू नका, आधी आत काय आहे ते बघा. उदाहरण देताना भातकुलीचं नाव घेत नाही.

एक राहिलं. हॉल रिकामा होत होता, मी वायरी गुंडाळत होते, आणि पल्लवी माझ्यापाशी आली. मला वाटलं, हिला कळलं. पण ती चिडलेली नव्हती, नुसती गोंधळली होती. वडील दाराशी तिची वाट पाहत उभे होते. "ताई," ती म्हणाली, "म्या तं बरोबर भरलं होतं असं वाटते... पण माहाच हात चुकीच्या जागी लागला असन. तुमाले उगाच सगळ्याइसमोर बोलणं खा लागलं. सॉरी."

तेव्हाही सांगता आलं असतं.

मी म्हणाले, "असू दे, होतं असं." मी तिला माफ केलं.