राहून गेलेला शब्द

पेंढारकर सर आमच्या दारात चपला काढायचे आणि आत येण्याआधी त्यांतल्या एकीकडे बोट दाखवून विचारायचे, "हिच्यावर किती बळं आहेत?" समोर कोण आहे याची त्यांना पर्वा नसे. तुमची आई असो, इस्त्रीवाला असो की सोसायटीचे सेक्रेटरी असोत. एकदा माझ्या सासूबाई समोर सापडल्या. त्या म्हणाल्या, "तुम्ही पाय काढून घेतलात ना? मग आता कसलं बळ? पडलीय बिचारी." सर इतके खूश झाले की दारातच उभं राहून त्यांनी सगळं समजावलं. पृथ्वी चपलेला खाली ओढते, फरशी तिला वर ढकलते, आणि दोघींचा जोर सारखा म्हणून ती गप्प पडलीय. सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे आमच्या घरासारखंच."

अन्वय, परवा तू फोनवर तुझ्या पहिल्या वर्षाच्या फिजिक्सच्या गणितांचा फोटो पाठवलास आणि खाली लिहिलंस, 'आजी, हे जगात कुणाला येतं का?' मला येत नाही. मी कॉलेजची ग्रंथपाल, इंग्रजी साहित्य घेऊन बी.ए. झालेली. पण ज्यांना येत होतं असे एक गृहस्थ आमच्या वरच्या मजल्यावर राहत होते, आणि तुला आणि तुझ्या बहिणीला, इराला, त्यांच्याबद्दल सांगायचं राहूनच गेलं. मला कुठलीही गोष्ट क्रमाने सांगायची सवय आहे, तेव्हा क्रमाने सांगते.

आम्ही नेरूळला राहायला आलो ते नव्वदीच्या सुरुवातीला. इमारती उभ्या राहिल्या होत्या, झाडं अजून यायची होती. पेंढारकर सर माझ्याच कॉलेजात फिजिक्स शिकवत. मूळचे सांगलीचे, लग्न केलेलं नव्हतं, घरात एक लोखंडी खाट, एक फळा आणि एक प्रेशर कुकर. रविवारी सकाळी त्यांच्या खोलीत सतरंजीवर पहिल्या वर्षाची मुलं बसत. कॉलेजच्या तासाला जे डोक्यात शिरत नसे ते तिथे शिरत असे. त्याचे पैसे नव्हते. चहा मात्र मुलांनीच करायचा.

त्यांचं शिकवणं आम्हाला जिन्यात ऐकू यायचं. "ठोकळा उतारावर आहे. आता बळांची हजेरी घ्या. जो हजर नाही त्याचं नाव लिहायचं नाही, आणि हजर असलेल्याला गैरहजर मांडायचं नाही. वर्गात चालतं, गणितात चालत नाही." कुणी उत्तरात नुसता आकडा लिहिला आणि एकक विसरला, की म्हणायचे, "बारा! बारा काय? बारा मीटर, बारा ज्यूल, बारा केळी?" क्वांटमच्या धड्यात बंद खोक्यातला कण असतो म्हणे, खोकं जितकं लहान तितकी त्याची येरझार जास्त, आणि तो पूर्ण स्वस्थ कधी बसतच नाही. हे सांगताना ते आपल्या वन-रूम-किचनच्या भिंतींकडे हात करत. "हा मीच. मला बघा आणि सोडवा."

मुलं त्यांच्यावर प्रेम करत आणि त्यांना घाबरतही. कारण ते चूक झालेल्याला सोडत नसत. मार्कांसाठी कुणी दारात आलं की त्यांचा चेहरा बदलायचा. "रडून त्वरण वाढत नाही," एवढं बोलून दार लावून घ्यायचे.

त्या रविवारी तुमची आई, म्हणजे माझी मुग्धा, पहिल्यांदाच त्यांच्या सतरंजीवर बसली होती. सरांनी मागच्या वर्षीच्या पेपरातलं एक गणित तोंडी घातलं. नळकांड्यात हवा कोंडलेली आहे, दट्ट्या दाबून तिचं आकारमान निम्मं केलं, तर दाब किती झाला? बाकीची मुलं लिहू लागली. मुग्धाने विचारलं, "सर, हळूहळू दाबला की एकदम?"

सर म्हणाले, "प्रश्नात दिलंय. नीट ऐकत जा."

"नाही दिलं, सर."

त्यांनी कपाटातून छापील पेपर काढला, वाचून दाखवण्यासाठी. मुग्धा नंतर सांगत होती, ते वाचायला लागले आणि मधेच थांबले. पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मग म्हणाले, "आज एवढंच." मुलं चहा न पिता खाली आली.

दुपारी सर आमच्याकडे आले. चपलेबद्दल काही विचारलं नाही. मी पाणी दिलं, ते तसंच हातात धरून बसले. मला समजेल अशा भाषेत त्यांनी सांगितलं ते असं. हवा सावकाश दाबली तर तिची उष्णता बाहेर निघून जाते आणि दाब दुप्पट होतो. एकदम दाबली तर उष्णता आतच अडकते, हवा तापते आणि दाब अडीचपटीच्याही वर जातो. सरांच्या मनात 'हळूहळू' होतं. पेपरात तो शब्दच नव्हता. आणि ज्यांनी अडीचपट लिहिलं त्यांना सरांनी शून्य दिलं होतं.

"छापखान्याची चूक असेल," मी म्हटलं.

"प्रूफ मीच तपासलं, वहिनी. शब्द माझ्या डोक्यात होता, म्हणून मला कागदावरही दिसला."

"किती मुलांचं नुकसान झालं?"

"तिघांचं. दोघं तशीही पास होती. एक मुलगी नापास झाली."

रंजना म्हात्रे. मला ती आठवत होती. खाडीकडच्या गावठाणातून यायची आणि लायब्ररीत खिडकीजवळची जागा धरून बसायची. नव्या वर्षात ती दिसली नव्हती. मी म्हटलं, "सर, आता वर्ष उलटलं. कुणी तक्रार केलेली नाही. जाऊ द्या." आजही वाटतं, एखादी प्लेट फुटल्यावर म्हणावं तसं मी ते म्हटलं.

ते दुसऱ्या दिवशी प्रिन्सिपॉलसाहेबांकडे गेले. साहेब वैतागले. "पण तक्रार कुणाची आहे?"

"माझी."

"कुणाविरुद्ध?"

"माझ्याविरुद्ध."

साहेबांनी मला बोलावून विचारलं, की यांची तब्येत बरी आहे ना. पुढचे कितीतरी दिवस कागद या टेबलावरून त्या टेबलावर फिरले, सरांकडचं पेपर काढायचं काम गेलं, स्टाफरूममध्ये काहीजण त्यांना 'हरिश्चंद्र' म्हणू लागले. पण शेवटी तिन्ही मुलांच्या मार्कलिस्ट बदलून आल्या. रंजना पास झाली होती. ऑफिसचा शिपाई तिच्याच गावचा. तो म्हणाला, "तिचा तं लगीन झाला, सर. उरनला दिली. नापास झाली तवाच बापाने ठरवला."

सर मला म्हणाले, "वहिनी, बरोबर याल का? मी एकट्याने तिच्या सासरी जाऊन चौकशी करणं बरं दिसणार नाही."

उरणच्या बसमध्ये आम्ही शेजारी बसलो होतो. बाहेर मिठागरं संपून कंटेनरची गोदामं लागली, तेव्हा सर पहिल्यांदा बोलले. "शब्द राहिला, ती चूक. चूक कुणाचीही होते. पण निकालानंतर ती माझ्या दारात आली होती, वहिनी. म्हणाली, 'सर, माझ्या भावाचं पंक्चरचं दुकान आहे. टायरमध्ये भराभर हवा भरली की पंपाची नळी हाताला भाजते. मग उष्णता आत राहिली ना?' बघा, काय निरीक्षण आहे! आणि मी तिला काय म्हणालो माहीत आहे? 'परीक्षेत पंक्चरचं दुकान आणायचं नाही.' आणि दार लावलं."

उरण आलं, आम्ही उतरलो.

रंजनाच्या सासरी अंगणात सुकट वाळत पडली होती. ती डोक्यावर पदर घेऊन बाहेर आली, सरांना बघून दचकली, मग तिने खुर्च्या मांडल्या. तिच्या सासूबाई दारातच बसून राहिल्या. सरांनी मार्कलिस्ट पुढे केली आणि उभं राहूनच सांगितलं, "तुझं उत्तर बरोबर होतं. प्रश्न माझा चुकला होता."

तिने कागद घेतला, पण वाचला नाही. "माझं बरोबर हाय ते मला तवाच ठाऊक होतं, सर."

"हो. तू सांगायला आली होतीस."

सासूने विचारलं, "म्हंजे पास झाली ही? मंग? पास झाली काय नि नापास झाली काय, भाकरी गोलच यायला पायजे." आणि स्वतःच हसली. रंजना हसली नाही.

सरांनी बसमध्ये सगळं योजून ठेवलं असावं. ते घाईघाईने म्हणाले, "तू दुसऱ्या वर्षाला नाव घाल. फी, पुस्तकं मी बघतो. दर रविवारी मी इथे येऊन शिकवीन. तुझ्या घरच्यांशी बोलतो."

रंजना बराच वेळ कागदाची घडी घालत राहिली. मग शांतपणे म्हणाली, "तुमच्या मनाला बरं वाटावं म्हनून मी शिकायचं का, सर?"

मी आयुष्यात पुष्कळ वाचलंय, मुलांनो. एवढं सरळ वाक्य फार थोड्या पुस्तकांत भेटलं.

सर खाली बसले. तेव्हा कुठे बसले. रंजनालाच त्यांची दया आली असावी. ती म्हणाली, "करायचंच असेल तर येक करा. हे माझ्या बापाला सांगा. त्याने चारचौघांत सांगितलंय, पोरीच्या डोक्यात काय शिरत नाय म्हनून. तिथंच सांगा."

पुढच्या रविवारी सरांनी वर्ग घेतला नाही. आम्ही गावठाणात गेलो. तिच्या वडिलांच्या, नामदेव म्हात्र्यांच्या शेतांवर आता आमच्यासारख्यांच्या इमारती होत्या. त्यांची स्वतःचीही तीन मजली इमारत झाली होती, पण बसायचे ते जुन्या घराच्या ओट्यावरच. पत्त्यांचा डाव चालू होता. सरांनी नमस्कार केला आणि सगळ्यांसमोर सांगितलं, "तुमची रंजना नापास नव्हती. मी चुकीचा प्रश्न घातला, तिने बरोबर उत्तर लिहिलं, आणि मी तिला शून्य दिलं. ती सांगायला आली तेव्हा मी ऐकून घेतलं नाही."

डाव थांबला. एक तरुण उठून उभा राहिला. "पंक्चरचा दुकान बोल्लेलात ते तुमीच का? त्यो माझा दुकान."

"हो. मीच बोललो," सर म्हणाले. "तुमच्या पंपाने तिला जे शिकवलं ते मला माहीत असून आठवलं नाही."

वडिलांनी घरात हाक मारली, "अगो, भायेर ये. मास्तर काय सांगतान ते आयक." तिची आई हात पुसत आली. सरांनी पुन्हा सांगितलं. मग शेजारच्या ओट्यावरची म्हातारी म्हणाली, तिला ऐकू आलं नाही. सरांनी तिसऱ्यांदा सांगितलं, मोठ्याने, एकही शब्द न गाळता. मला वाटलं आता पुरे करा, माणसाला किती वाकवाल. पण कुणी त्यांना वाकवत नव्हतं. त्या लोकांना ते नीट ऐकायचं होतं, एवढंच.

शेवटी म्हात्र्यांनी खांद्यावरच्या टॉवेलने तोंड पुसलं. "बस झाला, मास्तर. येक शून्य तुमी दिलाव. पन लगीन मी लावला. मी तरी कुठं तिला इचारलं?"

चहा आला. तो सगळ्यांनी प्यायला, सरांनीही. परत येताना मी त्यांची समजूत घालायला गेले, की तुम्ही करता येईल तेवढं केलंत. ते म्हणाले, "केलं नाही, वहिनी. सांगितलं फक्त."

पुढे जूनमध्ये एका सकाळी म्हात्रे सरांच्या दारात उभे राहिले. बरोबर धाकटी मुलगी, वंदना. "हिला तुमच्याच कॉलेजात घातली. रविवारची पाठवतो. पन येक सांगून ठेवतो. ही कदी बोल्ली का तुमचं चुकतंय, तं पयलं आयकून घ्याचं."

"घेईन," सर म्हणाले. "दारात नाही, आत बसवून."

त्यांनी ते पाळलं. तुमची आई दुसऱ्या वर्षालाही तिथे जायची, ती सांगते, वंदना दर रविवारी काही ना काही चूक काढायचीच, निम्म्या वेळा नसलेली. सर खडू खाली ठेवून शेवटपर्यंत ऐकायचे. बाकीची मुलं कंटाळून जायची. वंदना बी.एस्सी. झाली, चांगल्या मार्कांनी, आणि पेढे घेऊन आली. ती गेल्यावर मी सरांना म्हटलं, "आता तरी ते मनातून काढा. घरात एक मुलगी शिकली ना त्यांच्या."

सर म्हणाले, "वहिनी, एका गणिताचं उत्तर कुणी दुसऱ्या गणिताखाली लिहिलं, तर मी किती मार्क देतो?" आणि मग त्यांनी पेढा खाल्ला. वंदनाचा होता, म्हणून खाल्ला.

निवृत्तीनंतर सर सांगलीला बहिणीकडे गेले आणि तिथेच वारले. बहिणीचा फोन आला तेव्हा माझ्या मनात पहिलं नाव रंजनाचं आलं. वंदनाकडून नंबर घेऊन मी तिला कळवलं. तोवर ती दोन मुलांची आई झाली होती. पलीकडून कंटेनरच्या ट्रकांचा आवाज येत राहिला.

मग ती म्हणाली, "शिकवायचे चांगले, काकी."

आणखी काही म्हणेल म्हणून मी थांबले. तिने एवढंच म्हटलं.