सिनेमासाठी केलेलं टक्कल

राजेहो, चहाचा घोट आधी गिळून घ्या. हा किस्सा ऐकताना लोकांच्या नाकातून चहा आलेला मी पाहिला आहे. चुका काय, सगळेच करतात. मी मात्र एका दुपारी डोक्यावरचे केस काढले आणि माझ्या जित्याजागत्या बापाला मारून टाकलं! बरं, मारलं ते मारलं, पण त्या मरणावर सगळ्यांत जास्त रडलं कोण? मीच!

सत्तरच्या पुढची सालं. मी अनसिंगचा, वाशीमला खोली करून कॉलेजात शिकत होतो. सिनेमा पाहायचं वेड तेव्हा सगळ्याच पोरांना होतं. सिनेमा काढायचं वेड मला लागलं ते दिवाकरमुळे. दिवाकर माझा वर्गमित्र. त्याचा मोठा भाऊ मिलिटरीत. तो सुट्टीवर आला तो हाताएवढा एक फिल्मचा कॅमेरा घेऊन. रीळ एकच, तेही चार मिनिटांचं. भाऊ म्हणाला, रविवारपर्यंत काय करायचं ते करा, सोमवारी मी चाललो.

मग काय! गोष्ट माझ्या डोक्यात तयारच होती. एक उडाणटप्पू कॉलेजकुमार. त्याचा बाप मरतो. तेरवीच्या दिवशी भाऊबंद त्याच्या डोक्याला पागोटं बांधतात आणि त्या क्षणी पोट्ट्याचा माणूस होतो. लेखक मी, दिग्दर्शक मी, हिरोही मीच. मी ठरवलं की शेवटचा सीन आधी घ्यायचा. मोठे लोक असंच करतात, असं मी कुठंतरी वाचलं होतं.

दिवाकर हिशेबी माणूस. तो म्हणाला, शेवट आधी घेतला तर डोकं भादरावं लागेल, मग सुरुवातीच्या सीनला केस कुठून आणणार? मी म्हटलं, ते नंतर पाहू. त्यानं विचारलं, पण पागोटं बांधल्यावर डोकं दिसणार तरी आहे का? यावर मी चिडलो. म्हटलं, तुला कलेतलं काही कळत नाही. आता तुम्हीच सांगा, कळत कोणाला नव्हतं?

वाशीमच्या स्टँडजवळ एक सलून होतं. मी खुर्चीत बसलो आणि सांगितलं, पूर्ण काढा. न्हाव्यानं आरशातून माझ्याकडं पाहिलं आणि हळूच विचारलं, "कोन गेलं, भाऊ?"

शहाण्या माणसानं काय सांगितलं असतं? कोणी नाही गेलं, सिनेमा काढतो आहे. पण मी भूमिकेत शिरलो होतो ना! मी मान खाली घातली, आवंढा गिळला आणि म्हणालो, "बाबा."

न्हाव्याचा वस्तरा थांबला. त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि काम झाल्यावर पैसेसुद्धा घेईना. मला वाटलं, वा रे पठ्ठ्या, काय अभिनय आहे तुझा! मागच्या बाकावर पेपर धरून एक माणूस बसला होता. तो दाढी न करताच उठून गेला, इकडं माझं लक्षही गेलं नाही. ते आमच्या शेजारचे सदूभाऊ होते. दुपारची अनसिंगची एसटी त्यांनी धावत जाऊन पकडली, हे मला मागाहून कळलं.

शूटिंग दिवाकरच्या अंगणात झालं. त्याची माय दळण घेऊन आली आणि माझं डोकं पाहून दारातच थबकली. दिवाकरचं घर बौद्ध. सिनेमासाठी आहे म्हटल्यावर माउली म्हणाली, "आमी हे सारं सोडलं रे बापा, अन् तुमी हौसेनं करून राह्यले?" मी हसलो. तिथंच शहाणा झालो असतो तर पुढचं रामायण टळलं असतं.

इथं एक सांगायचं राहिलं. आठ दिवसांवर माझ्या धाकट्या बहिणीचं, शालूचं लग्न होतं. मुलगा केनवडचा, घर तालेवार. बाबा पत्रिका वाटायला गावोगाव फिरत होते आणि त्या दिवशी धनजला आत्याकडं जाऊन परतायचे होते. मला मांडवाच्या कामासाठी घरी जायचंच होतं, म्हणून मी संध्याकाळची एसटी पकडली. टोपी? आठवणसुद्धा झाली नाही. गाडीत कंडक्टरनं मला पुढची जागा दिली. गावची माणसं भेटली, ती नुसती पाठीवरून हात फिरवत होती. मला वाटलं, कलाकाराला मान मिळतो तो असा.

गल्लीत वळलो आणि पाय जागीच थांबले. आमच्या घरासमोर ही गर्दी! बाया गळा काढून रडताहेत. मायनं माझं डोकं पाहिलं आणि तिनं उंबऱ्यावरच अंग टाकलं.

माझं डोकं चालेना. कोण गेलं? माय समोर आहे, शालू दारात आहे. मग राहिलं कोण? बाबा! बाबा तर बाहेरगावी होते. मी सदूभाऊंचा हात धरला आणि विचारलं, "कवा झालं?"

सदूभाऊ डोळे पुसत म्हणाले, "ते तुलेच मालूम, बापा. आमाले काय मालूम?"

म्हणजे? मला वाटलं, माझ्यापासून लपवताहेत. मी मोठ्यानं हंबरडा फोडला. माझे बाबा कुठं आहेत, मला एकदा त्यांचं तोंड पाहू द्या, असं म्हणत मी जमिनीवर लोळलो. ते पाहून बाया आणखी रडायला लागल्या. कोणीतरी म्हणालं, पोट्टं भरमलं.

तेवढ्यात गर्दीतून सगळी हकीकत माझ्या कानावर आली. बाबांच्या छातीत वाशीमच्या स्टँडवर कळ आली. दवाखान्यात नेईपर्यंत खेळ संपला. लग्नघरी मढं नको म्हणून पोरानं वाशीमलाच अग्नी दिला. मी आपला ऐकतोय आणि रडतोय! शेवटी मी एका म्हाताऱ्या बाबाजीला विचारलं, मी अग्नी दिला? त्यानं माझं डोकं कुरवाळलं. "हो रे बापा, तूच देल्ला." मला ते खरं वाटलं, राजेहो. देवाशप्पथ, खरं वाटलं!

आणि रडायला एकच कारण नव्हतं. सदूभाऊंनी दुपारीच एक माणूस केनवडला धाडला होता. बाप गेला म्हणजे सुतक, लग्न वर्षभर लांबणार. केनवडकरांकडं दुसऱ्या दोन ठिकाणची स्थळं तयारच होती, ते कशाला वर्षभर थांबतील? माय एका डोळ्यानं नवऱ्यासाठी रडत होती आणि दुसऱ्यानं लेकीसाठी.

तेवढ्यात शालू पुढं आली. डोळे सुजलेले, पण आवाज पक्का.

"दादा, बाबाले तू सोता पाह्यलं काय?"

"नाई."

"मंग तुले कोनं सांगितलं?"

"माय रडून राह्यली न!"

तिनं मायला विचारलं. मायनं सदूभाऊंकडं बोट केलं. सदूभाऊंनी माझ्याकडं केलं. शालू परत माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"मंग डोक्स कायले भादरलं?"

वस्तरा फिरल्यापासून पहिल्यांदाच मी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. गुळगुळीत! माझ्या तोंडून कसाबसा आवाज निघाला, "सिनेमासाठी."

रडणं बंद झालं. पण रडून झालेल्या तोंडांचं आता काय करायचं, हे कोणालाच कळेना. एवढ्यात गल्लीच्या तोंडाशी बाबा उगवले, खांद्याला पत्रिकांची पिशवी. त्यांनी गर्दी पाहिली. माझं डोकं पाहिलं. पोरगा डोकं भादरतो ते बाप गेला तर, नाहीतर माय गेली तर. आपण तर हयात आहोत, मग गेलं कोण? बाबा तिथंच धुळीत मटकन बसले आणि माझ्या मायच्या नावानं टाहो फोडला.

माय गर्दीतून धावत बाहेर आली. दोघं एकमेकांकडं पाहतच राहिली, मग एकमेकांना धरून रडली, आणि मग दोघांनी एकदमच माझ्याकडं पाहिलं. पुढचं सांगत नाही. बाबांच्या चपलेचा अंगठा तुटला, एवढंच सांगतो.

केनवडला गेलेल्या माणसाला परत बोलावणार कसं? सकाळी व्याही दोन म्हाताऱ्यांना घेऊन भेटायला आलेच. तिघांचीही तोंडं उतरलेली. आणि ओट्यावर पाहतात तर मेलेला माणूस बशीतून चहा पितोय! बाबा म्हणाले, "या, बसा." बराच वेळ कोणीच बसेना.

बाबांनी सगळं सांगितलं. म्हातारे आपसात कुजबुजले: हळद लागायच्या आधी लग्नघरात रडारड झाली, हे काही बरं नाही. दाराआड शालूच्या बांगड्या वाजायच्या थांबल्या. माझ्या टकलापायी बहिणीचं लग्न मोडतं की काय! सदूभाऊंच्या बायकोला राहवलं नाही. ती मधेच पडली आणि शालूनं तीन प्रश्नांत गुंता कसा सोडवला, ते तिनं व्याह्यांना सांगितलं.

व्याह्यांनी मला समोर उभं केलं. "सिनेमात काय होते?"

"पोट्टा शहाना होते," मी म्हणालो.

"अन् तो पोट्टा कोन?"

"मी."

त्यांनी माझं डोकं नीट निरखून पाहिलं. मग सावकाश ओट्यावर बसले, चहा मागितला आणि बाबांकडं वळले.

"लग्न ठरल्या दिवशीच होईल, व्याहीबुवा. पोरगी शहानी हाये, अन् आमाले तिलेच न्याचं हाये. हा तुमच्यापाशी राह्यते, याचं तुमी पाहा."