आक्कांचं पंचामृत

सत्यभामाआक्कांचा कुणावरच विश्वास नव्हता. नळाच्या पाण्यावर नव्हता, बाजारातल्या कमानिया गेटच्या मिठाईवर नव्हता आणि साबणावर तर मुळीच नव्हता. त्यात म्हणे चरबी असते. त्या हात धुवायच्या ते मातीनं. चेरीताल वस्तीतल्या त्या गल्लीत त्यांचं सोवळं इतकं कडक, की शेजारणी त्यांच्यापुढून अंग चोरून जायच्या. विश्वास फक्त स्वतःच्या दोन हातांवर. विधवा होऊन माहेरी आल्यावर त्याच हातांनी त्यांनी धाकट्या भावाला, दिवाकरला वाढवलं, आणि त्याच हातांनी दर एकादशीला कच्च्या दुधाचं पंचामृत कालवून त्या गल्लीभर वाटायच्या.

पासष्टच्या सप्टेंबरात लढाई पेटली. दिवाकर शस्त्रांच्या फॅक्टरीत दुहेरी पाळी करू लागला, आणि इकडे गल्लीत मोतीझरा, म्हणजे टायफॉईड, शिरला. आधी दोन घरं, मग दिवाकरची सहा वर्षांची बेबी. शत्रूनं पाण्याच्या टाकीत विष टाकलं, अशी आवई उठली. अनोळखी माणूस नळापाशी थांबला, की चार जण त्याला हटकायचे. आक्कांचा चोर मात्र ठरलेला होता: कुंडम गावाकडून दूध आणणारा गणपत.

"तोच डबक्याचं पाणी मिसळून राहिला," त्या कुंदाला, म्हणजे भावजयीला म्हणाल्या.

"पण आक्का, मी तर दूध उकळूनच पाजते बेबीला."

"मग काहून आला ताप? तूच सांग!"

दुसऱ्या दिवशी गल्लीच्या तोंडाशीच लोकांनी गणपतचा डबा उलटा केला. "नर्मदा मैया की कसम दीदी, पानी नहीं मिलाया," तो आक्कांकडे बघून म्हणाला. आक्कांनी तोंड फिरवलं.

बेबी मात्र खालावतच चालली. ओठ काळे पडले, ती ओळखेनाशी झाली. आक्का उशाशी बसून देवाचा धावा करायच्या. पोर वाचते की जाते, एवढा एकच विचार त्या घरात उरला होता.

फॅक्टरीच्या दवाखान्यातल्या डॉक्टर विभावरीबाई घरोघर फिरू लागल्या. त्यांनी प्रत्येक घरात एकच विचारलं: ताप येण्याआधी काय खाल्लं, कुणाच्या हातचं खाल्लं? आक्का चिडल्या.

"अहो, औषध द्यायचं सोडून ही कसली चौकशी चालली?"

"औषध चालू आहे, आक्का. पण तो शेवटचा उपाय. त्याच्या आधी, कुणाकडून पसरतो ते हुडकायचं. आणि त्याच्याही आधी पसरूच नये म्हणून टोचून घ्यायचं, साबणानं हात धुवायचे. मी लस घेऊन आले होते, तेव्हा तुम्ही देवघराला कडी लावून बसला होतात."

गल्लीतल्या सगळ्यांची तपासणी झाली. आक्कांच्या हट्टानं गणपतचीही झाली. आठवड्यानं विभावरीबाई कागद घेऊन आल्या.

"गणपत निर्दोष आहे. जंतू तुमच्या पोटात सापडले, आक्का."

"माझ्या? मला तर साधी शिंकसुद्धा नाही!"

"धडधाकट माणसाच्या पोटातही ते वर्षानुवर्षं राहतात, कधीतरी शौचावाटे हाताला लागतात, आणि तो हात न उकळलेल्या दुधात घातला की दुसऱ्याकडे जातात. तुम्हाला पूर्वी कधी मोतीझरा झाला होता?"

"झाला होता. तीस वर्षं झाली, कटनीला. मी उठले त्यातून. मग चार महिन्यांनी यांना..."

नवऱ्याला जावेनंच काहीतरी खाऊ घातलं, म्हणून तो गेला, असं आक्का तीस वर्षं सांगत आल्या होत्या. जावेचं तोंडही पाहिलं नव्हतं. पण जाऊ तर तेव्हा बाळंतपणाला माहेरी गेली होती. स्वयंपाकघरात एकट्या आक्काच होत्या.

दोन दिवसांनी बेबीचा ताप उतरला. तिनं डोळे उघडले आणि पहिल्यांदा आत्यालाच शोधलं.

"आत्या, पंचामृत दे ना."

आक्का मोरीत गेल्या. कुंदाकडून साबण मागून घेतला, कोपरापर्यंत हात धुतले, पुन्हा धुतले. पण खोलीत काही त्या शिरल्या नाहीत.

"कुंदा, तूच भरव तिला," त्या म्हणाल्या. "दूध उकळलं का, ते आधी बघ."

आणि दोन्ही हात पदराखाली झाकून त्या उंबऱ्याबाहेरच उभ्या राहिल्या.