पेर्नेतबाईंनी ठरवलेली द्राक्षकाढणी

जुन्या हिशेबानं आज सोमवार. क्रांतीनं आणलेल्या नव्या पंचांगात जुने वार उरलेले नाहीत. त्यात आज वांदेमिएर महिन्याचा पहिला दिवस, आणि वर्षाचाही. शेजारच्या पेर्नेतबाईंबद्दल चार ओळी लिहून ठेवते.

बाईंनी सत्तरी ओलांडली, पण दात सगळे शाबूत. बत्तीस वर्षं आमच्या गावची द्राक्षकाढणी त्या दातांवर ठरते. बाई द्राक्षातली बी चावून बघतात. कडू लागली तर थांबायचं. तपकिरी होऊन कुरकुरीत लागली तर दुसऱ्या दिवशी दवंडी. दवंडीआधी कुणी घडाला हात लावायचा नाही.

यंदा उन्हाळा कडक. नेहमीपेक्षा दहा दिवस आधी, मागच्या महिन्यातच बी कुरकुरीत झाली. पण दवंडीचा हुकूम आता नागरिक एद्म गोतिएच्या हाती, आणि तो शहरातून आलेला सरकारी माणूस. म्हणाला, "वांदेमिएर लागू दे. त्या नावाचा अर्थच द्राक्षकाढणी. मूळ लॅटिन शब्द आहे, विद्वानांनी शोधून काढलाय."

"पाद्रीबाबांचं लॅटिन बंद केलं आणि महिन्यांना तेच चिकटवलं होय?" पेर्नेतबाई म्हणाल्या. हल्ली सगळ्यांना अरे-तुरे करायचं, असा नियम आहे. बाई तो अगदी मनापासून पाळतात. "आणि हा चालू महिना, फ्रुक्तिदोर, त्याचा अर्थ काय रे?"

"फळं देणारा."

"मग द्राक्ष काय कंदमूळ आहे?"

सगळे हसले, एद्म सोडून. पश्चिमेला ढग जमत होते. एक पाऊस पडला असता तर पिकलेले घड वेलीवरच कुजले असते, आणि गावाला वर्षभर वाइनऐवजी नुसतं पाणी प्यावं लागलं असतं. मी मनातल्या मनात द्राक्षमळ्यांच्या राखणदार संत व्हिन्सेंटना विनवलं.

बाईंनी त्याला दंडाला धरून मळ्यात नेलं. "माझ्या दातांवर विश्वास ठेवू नकोस. तूच चाव."

त्यानं एक द्राक्ष खाल्लं, मग अख्खा घड. दुसऱ्या घडावर गांधीलमाशी बसली होती.

"ही बघ, पंचांग न वाचताच आली," बाई म्हणाल्या.

हनुवटीवरून रस ओघळत असतानाच त्यानं बाईंच्या पाठीवर दवंडीच्या हुकमाचा कागद ठेवून सही केली.

सहा दिवसांत मळे रिकामे झाले. सातव्या दिवशी जो पाऊस लागला, तो परवापर्यंत. आज सकाळी एद्मनं चौकात नव्या महिन्यावर भाषण ठेवलं होतं. ऐकायला दोन कोंबड्या. आम्ही सगळे शेवटच्या हौदात द्राक्षं तुडवत होतो. थोड्या वेळानं एद्मच विजार गुडघ्यापर्यंत दुमडून आला.

"पाय धुतलेस का?" बाईंनी विचारलं, आणि सरकून त्याला जागा दिली.