उलट्या पातेल्यांचं बोलणं

जे संगीत मी एकदाही खऱ्या वाद्यांवर ऐकलेलं नाही, त्याबद्दल लिहायला बसलो आहे, याची आधी माफी मागतो. माझा अधिकार एवढाच की, मी शाळेत टोल देणाऱ्या शिपायाचा मुलगा आहे. टोल थांबल्यावरही लोखंड थरथरत राहतं, बोट लावलं की कळतं, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. आज नेदरलँड्समधल्या झूटरमेरच्या घरात भांडी पुसताना डाव उलट्या पातेल्यावर आपटला आणि मी दाराकडे वळलो. वाटलं, जेवायला बोलावलं.

असं बोलावणारी होती माझ्याच कॉलेजात शिकणारी, शेजारच्या खोलीत राहणारी चाळिशीची एक सुईण, फिलिपिन्सच्या दक्षिणेकडच्या मागिंदानाव लोकांपैकी. पहिल्याच दिवशी म्हणाली, "मला काका म्हण." त्यांच्याकडे थोरल्या भावंडाला, मग ती बहीण का असेना, काका म्हणतात.

"आमच्याकडे काकाला मिशा असतात," मी म्हणालो.

"येतील. थंडी अशीच राहिली तर."

काका जेवायला घालतात म्हटल्यावर गावाकडे आईचा जीव भांड्यात पडला. दर फोनला ती सांगायची, "त्यांच्या पाया पडत जा." मी हे कळवलं की काका खुर्चीवर बसून गंभीरपणे पाय पुढे करायची.

संध्याकाळी ती टॉवेलवर पातेली उलटी मांडायची, लहानापासून मोठ्यापर्यंत. तिच्या आईकडे खरं कुलिंतांग होतं: लाकडी चौकटीवर ओळीनं ठेवलेल्या आठ घंटा, मध्ये फुगीर. शिवाय चार मोठ्या, टांगलेल्या. त्या चारांवर बोलण्यातले चढउतार काढून शब्द वाजवता येतात. ज्या तरुण पोरापोरींना भेटायची मोकळीक नसे, ती म्हणे त्यांच्यावरूनच बोलत. काका पातेल्यावर "ये, भात झाला" वाजवायची, आणि हिवाळा सरेपर्यंत मला ते भिंतीपलीकडूनही कळू लागलं होतं. एकदा तिनं ताटाची ढाल करून त्यांचा योद्ध्यांचा नाचही नाचून दाखवला. मग दमून बसली.

"आईचे हात थरथरतात आता," ती म्हणाली. "तिच्या चाली कुणीच घेतल्या नाहीत. मी जाऊन घेणार. आमच्याकडे दुखवट्यात तेवढं वाजवत नाहीत, एरवी कधीही."

गावी निघताना तिनं पातेली मला दिली. "पोचल्यावर फोन लावते. खऱ्या घंटा ऐक."

वसंत गेला, उन्हाळाही गेला. फोन आला नाही. शिकत असेल, मी स्वतःला समजावलं. आईच्या चाली काही चार दिवसांत हाती येणाऱ्या नव्हेत. माणूस दूर गेलं की त्याच्या गप्प राहण्याचाही आपण आपल्याला सोसेल असाच अर्थ लावतो.

काल फोन आला. तिची धाकटी बहीण बोलत होती. काका पोचली ती तापानं फणफणतच. आईनं मात्र घंटा घासूनपुसून मांडून ठेवल्या होत्या.

"मग वाजवल्या का?" मी विचारलं.



"नाही," ती म्हणाली. "दुखवटा होता ना. काका गेली."