दोरी नसलेला कप

पाण्यात काहीही सोडायचं तर आधी त्याला दोरी बांधायची, हे मासे धरणाऱ्या ढिवराच्या घरातल्या पोराला चालायला लागायच्या आधीच कळतं. देवकाबाईनेही तेच केलं आणि स्वतःचे हाल करून घेतले.

गोष्ट २००९ सालची, आरमोरीकडच्या एका तलावाकाठच्या गावातली. देवकाबाईची भाची दिव्यानी गडचिरोलीला नर्सिंग शिकत होती. तिथे परदेशातून आलेल्या एका डॉक्टरीणबाईंनी पोरींना रबरासारखे मऊ कप वाटले. त्यातला एक दिव्यानीने मावशीला आणून दिला.

"पाळीत फडक्याच्या जागी हा आत बसवाचा, मावशी. काढला, धुतला, पुन्हा बसवला. पान्यात उतरली तरी चालते."

हे शेवटचं ऐकलं आणि देवकाबाईने कप पदरात घेतला. उन्हाळ्यात तलाव आटला की गावातले सगळे ढिवर एकाच दिवशी मासे धरायला उतरतात. ज्या घरचं माणूस पाण्यात, त्याच घराला वाटा. नवरा वारलू सिरोंचाला गोदावरीवर मासेमारीला गेलेला, म्हणजे घरातून उतरायचं तर तिनेच. गाळात हात घालून मरळ धरण्यात तिचा हात धरणारं गावात कोणी नव्हतं. पण मागची दोन वर्षं नेमक्या त्याच दिवशी पाळी आली आणि ती काठावर बसली. कमरेएवढ्या पाण्यात फडकं काय टिकणार? वाटा गेला तो गेलाच, पण आपण का बसलोय हे गावभर कळतं, ते तिला फार जिव्हारी लागायचं.

पुढच्या पाळीला तिने एका लहान गंजात पाणी घालून कप उकळला. मग मनात आलं, आत चढून बसला तर? हरवला तर? तिने कपाच्या बुडाशी असलेल्या देठाला जाळ्याची नायलॉनची दोरी बांधली, वर दुहेरी गाठ मारली आणि निर्धास्त झाली. गाठ दिवसभर टोचत राहिली. बाई चालत होती बदकासारखी. संध्याकाळी तिने जाळं ओढावं तशी दोरी ओढली. कप सुटेना, पोटात कळ आली, घाम फुटला. कसाबसा निघाला, तेव्हा तिने भाचीच्या सात पिढ्या उद्धरल्या आणि कप कौलाखाली खोचून टाकला.

तेंदूपत्त्याच्या दिवसांत दिव्यानी आली. दोरी बघून ती पोट धरून हसली. "गळ टाकला का काय, मावशी?"

"हास, हास. ह्या गाठी तुले टोचल्या असत्या म्हंजे समजलं असतं."

दिव्यानी ओशाळली. तिने ब्लेडने दोरी कापली, देठाचं टोकही थोडं छाटलं. "तो कुठी जात नाई. वर बांध हाय, पुढं रस्ताच नाई. अन् काढतानी ओढू नको. उकिडवी बस, जरा खाली जोर दे, कपाचं बूड चिमटीत दाब. हवा शिरली का आपोआप सुटते. लावतानी पान्यानं वला कर, अंग आखडू नको. दुखलं तं थांब, जबरदस्ती नाई कराची."

पहिल्या खेपेला देवकाबाई श्वास धरूनच बसली. दुसऱ्या खेपेला जमलं. त्या दुपारी तेंदूची पानं तोडताना तिच्या ध्यानात आलं, की आपल्याला कपाची आठवणच राहिली नाही.

मग तलावाचा दिवस आला आणि पाळीही आली. देवकाबाई चुलीपासून दूर बसली होती, म्हणजे सासूला, बायनाबाईला, सांगायची गरजच नव्हती.

"आज उतरू नको," म्हातारी म्हणाली.

"उतरतो, माय."

आणि ती उतरली. पाणी कमरेशी आलं. काही ओढलं नाही, काही टोचलं नाही. तिला एवढा आनंद झाला की ती एकटीच मोठ्याने हसली आणि तिने गाळात हात घातला.

टोपलीभर मासे घेऊन ती वर आली, तेव्हा बायनाबाई टोपलीकडे बघतच नव्हती. ती सुनेच्या मागचं पाणी न्याहाळत होती.

"काय पायते, माय?"

"काई तरंगलं नाई," म्हातारी हळूच म्हणाली. "मी तुह्याऊन लहान होतो. फडका सुटला अन् सगड्या मानसांसमोर तरंगला. कोनंतरी काठीनं उचलून फेकला. सारे हासले. तवापासून मी पान्यात नाई गेलो."

इतकी वर्षं देवकाबाईला वाटायचं, सासूला नुसता विटाळाचा राग आहे.

"पन तुही पाळी जाऊन तं जमाना झाला, माय. मंग काऊन नाई उतरली?"

बायनाबाईने जरा विचार केला.

"कोनं बलावलंच नाई."

देवकाबाईने टोपली खाली ठेवली आणि चिखलाने भरलेला हात पुढे केला. म्हातारीने आधी लुगड्याचा काष्टा घट्ट खोचला, मागे वळून एकदा तपासला आणि मग हात धरला.