काउबॉयला वन्स मोअर

माझे सासरे नॉटिंगहॅमला सहा महिने राहायला आले, तेव्हा मला एकच घोर लागला होता, या माणसाचा वेळ जाणार कसा? बार्शीच्या शाळेत त्यांनी जन्मभर भूगोल शिकवला. सकाळी फिरायला जायचं, चार माणसांना वाटेत अडवायचं आणि आठ माणसांच्या चौकशा करायच्या, ही सवय. आमच्या गल्लीत शेजाऱ्याशी बोलायचे विषय दोनच, हवामान आणि कचऱ्याचा बिन बाहेर ठेवायचा वार. नवरा म्हणाला, "रमतील गं बाबा." तो रोज ट्रेननं बर्मिंगहॅमला पळणार, त्याचं काय जातंय म्हणायला.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी बाबा फिरून आले ते बूट न काढताच थेट स्वयंपाकघरात.

"अगं, शेजारचे आजोबा सिनेमातले आहेत."

शेजारचे आजोबा ऐंशी ओलांडलेले, पाय गुडघ्यांपासून बाहेर वाकलेले, एकटे राहायचे. आम्ही इथे घर घेतलं त्याच्या थोडंच आधी त्यांची बायको गेली होती. त्यांनी आयुष्यभर सिटी बस चालवली, एवढीच आमची माहिती. मला ते 'डक', म्हणजे चक्क बदक, म्हणून हाक मारायचे. ही इथली मायेची हाक आहे, हे कळेपर्यंत मी मनातल्या मनात त्यांच्यावर फुगून होते.

"बाबा, ते बसड्रायव्हर होते."

"असतील. त्याआधी घोड्यावर होते." बाबांनी डोक्यावर नसलेली टोपी दोन बोटांनी मागून पुढे ढकलली. "मला बघून त्यांनी अश्शी टोपी केली. लहानपणी बार्शीत पडद्यावर पाहिलेली ही लकब मी विसरेन?"

मी हसण्यावारी नेलं. बाबांना इथले सगळे म्हातारे सारखेच दिसणार, असं मी धरून चालले. दुसऱ्या दिवशी ते इस्त्रीचा शर्ट घालून कुंपणाशी जाऊन उभे राहिले. "अहो बाबा, असं डायरेक्ट कुणाला विचारतात का? इथे प्रायव्हसी असते," असं मी मागून म्हणतेय, तोवर त्यांनी विचारलंसुद्धा. तुम्ही नट होतात का, असं नाही विचारलं. वर्गावर बोलावं तशा खणखणीत इंग्रजीत ते म्हणाले, "सर, तुमच्या घोड्याचा डावा कान पांढरा होता ना?"

आजोबांच्या हातातली झारी तिरकी झाली आणि पाणी त्यांच्या बुटात गेलं. ते म्हणाले, "डावाच. तुम्हाला कुणी सांगितलं?"

त्या दिवसापासून बाबांचा वेळ जायची चिंता मिटली. उलट माझ्याच घरात चहाचं आधण सारखं चढायला लागलं. आजोबांना शंकरपाळे आवडले. ते चहात बुडवून खायचे आणि तोंडातला घास संपायच्या आत पुढची गोष्ट सांगायला घ्यायचे. त्यांचे वडील इथेच घोडागाडीतून कोळसा विकायचे. पोरगा गाडीचा घोडा उधळवतो म्हणून त्यांनी वैतागून पोरालाच एका सर्कशीत दिलं. सर्कस अमेरिकेला गेली. तिथे सिनेमावाल्यांना पडायला माणूस हवा होता. "पडायला?" बाबांनी विचारलं. "हो, पडायला. हीरो पडायचा नाही ना, त्याच्याऐवजी मी." बरीच वर्षं दुसऱ्यांसाठी पडल्यावर एका छोट्या कंपनीनं त्यांनाच हीरो केलं.

सिनेमे कसले, आठवड्यात एक उरकायचा. पाठलाग कुठलाही असो, डोंगर तोच. दरोडेखोर मेला की मिशी लावून पुढच्या सिनेमात शेरीफ व्हायचा. आजोबांना गाता येत नसे, म्हणून गाणं लागलं की दुसराच कुणी गायचा आणि हे घोड्याकडे बघत ओठ हलवायचे. "घोडा माझ्यापेक्षा बरा ॲक्टर होता," ते म्हणायचे. मग घरोघरी टीव्ही आला, ते सिनेमे बंद पडले, आणि आजोबा परत येऊन बस चालवायला लागले. त्याचं त्यांना काही वाटत नसे. बसला चारा लागत नाही, म्हणायचे.

एकदा बाबांनी त्यांना बार्शीची गोष्ट सांगितली. तिथे इंग्रजी सिनेमा लागला की इंग्रजी कुणाच्या बापाला कळायचं? म्हणून पडद्याच्या बाजूला काठी घेऊन एक माणूस उभा राहायचा आणि गोष्ट मराठीतून सांगायचा. त्याला तरी इंग्रजी कुठे येत होतं! तो बघून बघून जुळवायचा. हीरो गुंडांना बडवतो, एका मुलीचं घर सोडवून देतो, शेवटी टोपी उचलतो आणि घोड्यावर बसून निघून जातो. हात धरत नाही, काही नाही. मग ही कोण? उघड आहे, बहीण! "भाऊ भाऊबीजेला आला होता, आता चालला," असं तो माणूस सांगायचा आणि बायका पदर डोळ्यांना लावायच्या. "तुमच्या भगिनी फार छान काम करायच्या, सर," बाबा म्हणाले.

आजोबांचे खांदे हलायला लागले. ते इतके हसले की चष्मा काढून ठेवावा लागला. उठून घरी गेले आणि भिंतीवरचा लग्नाचा फोटो घेऊन आले. फोटोतली नवरी म्हणजे सिनेमातली तीच मुलगी होती. "निर्माता पडद्यावर हात धरू देत नव्हता. पोरं वैतागतात म्हणायचा. मग आम्ही लग्नच केलं."

बाबा खुर्चीतून उठले. फोटोपुढे हात जोडून म्हणाले, "वहिनी, चूकभूल माफ करा." मला हसू आवरेना आणि डोळेही भरून आले.

थोड्या दिवसांनी आमच्याच भागातल्या काउबॉय क्लबचे अध्यक्ष आजोबांकडे आले. हा क्लब म्हणजे आठवडाभर आपापली कामं करायची आणि रविवारी कमरेला खोटं पिस्तूल लावून चर्चच्या हॉलमध्ये नाचायचं, अशी मंडळी. अध्यक्ष एरवी प्लंबर. आजोबांच्या एका सिनेमाची रिळं त्यांना कुठूनशी मिळाली होती, आणि त्यावरच्या नावावरून त्यांनी घर शोधून काढलं होतं. खेळ लावणार होते आणि आजोबांनी यावं अशी त्यांची इच्छा होती. आजोबांनी तोंडावर नाही म्हणून सांगितलं.

बाबांना राहवेना. त्यांनी कारण विचारलंच. आजोबा म्हणाले, "आता लोक हे सिनेमे हसण्यासाठी बघतात. मला हसले तर हसू देत. पण तिला हसतील. ती गेल्यापासून मी तिला पडद्यावर पाहिलेलं नाही. आणि बघायचं ते लोकांच्या हसण्यात?"

बाबा म्हणाले, "आमच्याकडे तुम्हाला कुणी हसत नसे, सर. आम्ही वन्स मोअर द्यायचो." आणि समजावून सांगितलं. काही आवडलं की ओरडायचं, ऑपरेटर रीळ मागे घेऊन तेवढं पुन्हा दाखवायचा. आजोबांना ते खरंच वाटेना.

"आणि नाही दाखवलं तर?"

"न दाखवून सांगतो कुणाला? खुर्च्या मोडल्या असत्या!"

शेवटी आजोबा यायला तयार झाले, पण बाबांनी शेजारी बसायचं, या अटीवर. रविवारी दुपारी हॉल भरला होता. सिनेमा सुरू झाला आणि व्हायचं तेच झालं. दार आपटलं तसा मागचा रंगवलेला डोंगर हलला, लोक हसले. ती फाटकाशी आली, तेव्हा तिच्या केसांच्या फुग्याला मागच्या रांगेतल्या मुली खिदळल्या. आजोबांनी मांडीवरची टोपी मुठीत चुरगळली. मला त्या मुलींना एकेक ठेवून द्यावीशी वाटली.

तेवढ्यात पडद्यावर घोडा भरधाव आला. समोर झाडाची आडवी फांदी. घोडा फांदीखालून गेला, हीरो फांदीवरून, आणि पलीकडे बरोब्बर खोगिरात. ताडकन माझे सासरे उठले, रिटायर्ड भूगोल शिक्षक, त्यांनी दोन बोटं तोंडात घालून सणसणीत शिट्टी मारली आणि ओरडले, "वन्स मोअर!"

मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. मशीन चालवणारा प्लंबर गोंधळून बघायला लागला. "मागे घ्या, मागे!" बाबांनी हातानं खूण केली. त्यानं मशीन उलटं फिरवलं, पण आतला दिवा तसाच चालू. घोडा उलटा पळाला, हीरो उलटा उडून खोगिरात बसला, आणि मग सगळं पुन्हा सुलटं. अख्खा हॉल टाळ्या पिटायला लागला. त्यानंतर लोकांना चटकच लागली. मारामारीला वन्स मोअर, घोड्याला वन्स मोअर. ती बादलीभर पाणी गुंडाच्या डोक्यावर ओतते, त्याला तर सगळ्यात मोठा वन्स मोअर त्या मागच्या मुलींनीच दिला. आजोबांच्या हातातली टोपी सैल झाली.

मग शेवट आला. ती फाटकाशी उभी. त्यानं टोपी उचलली, घोडा वळवला आणि तो लहान लहान होत धुळीत दिसेनासा झाला. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते, कुणीतरी दिवे लावायला निघालं होतं, आणि आजोबांनी हात वर केला.

"वन्स मोअर," ते म्हणाले. आवाज बसला होता, पण सगळ्यांना ऐकू गेला.

प्लंबरनं मशीन उलटं फिरवलं. धूळ खाली बसली. घोडा शेपटीकडून मागे मागे येत फाटकाशी पोचला, हीरोची टोपी डोक्यावरून हातात आली आणि तो तिच्यासमोर उभा राहिला. लोक त्या उलट्या घोड्याला खदखदून हसत होते. सगळ्यांत मोठ्यानं आजोबा हसत होते, आणि त्यांचे गाल ओले होते. बाबांनी त्यांचा हात घट्ट धरला होता.

प्लंबरनं मशीन तिथेच थांबवलं. "आता पुढे सोडू?" त्यानं विचारलं.

"थांब जरा," आजोबा म्हणाले. "एवढ्यात नको."